चाळीस किलोमीटर चालणारा भाचा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (एरवी साष्टांग घातला असता, पण सध्या खाली वाकलं की पोटऱ्या ओरडतात आणि उठवायला खोलीत दुसरं कोणी नाही. कारण पुढे येतंच आहे.) तुमची मान कशी आहे? दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडणारा माणूस मान वर करणार कधी, हे मामींचं म्हणणं मला हल्ली फार पटायला लागलंय. मामींचा खोकला थांबला का? आईला फक्त पत्र आलं एवढं सांगा. आत काय आहे विचारलं तर हवापाण्याविषयी आहे म्हणा. ते खोटंही नाही. या पत्रात पाणी फारसं नाही, पण हवा भरपूर आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मामा, फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "बरं बरं, घे, मामीशी बोल" म्हणता, आणि मामींशी बोललेलं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोललेलं. ही गोष्ट गल्लीत जाता कामा नये. निदान मुलीकडच्यांच्या कानावर तरी तुमच्याआधी जाता कामा नये.

विषय असा, की मी हादरलोय. तीन आठवडे होऊन गेले तरी खरं वाटत नाही. भर रस्त्यात उभा राहून स्वतःच्या पायांकडे बघत बसतो. (उभं राहून बघत बसणं, हे बरोबर लिहिलंय का मला सांगता येत नाही. माझ्या बाबतीत बसणं कुठे संपतं आणि उभं राहणं कुठे सुरू होतं, याचा आता शास्त्रीय घोळ झालेला आहे.)

तर तुमचं मागचं पत्र. तुम्ही लिहिलंत की मुलीकडचे राजी आहेत. मुलगी धावण्याचा वर्ग चालवते, वडिलांची व्यायामशाळा, घरचे सगळे वेताच्या छडीसारखे. मुलगा गोदामात माल हलवतो आणि शाळा सातवीतच सुटली, हे ऐकून वडिलांनी तोंड वाकडं केलं होतं. पण तुम्ही "आमचा भाचा रोज चाळीस किलोमीटर चालतो" एवढं एकच वाक्य टाकलंत आणि वडील खुर्चीत सरळ झाले. मग त्यांनीच ठरवलं, की मी रजेवर आलो की पहिली भेट घरात नको, दोघांनी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जावं, वाटेत काय बोलायचं ते बोलावं. सहाशे बारा पायऱ्या. धापा टाकणाऱ्या माणसाला माझी मुलगी द्यायची नाही, असंही ते म्हणाले, आणि तुम्ही ते मला मोठ्या कौतुकानं कळवलंत. वर तुमची सूचना, की तब्येतीचा एखादा दाखला मिळाला तर आधीच पाठव, त्यांच्यावर छाप पडेल. सोबत फोटो होता. मैदानात उभी आहे, गळ्यात शिट्टी, मागे धावणारी पोरं पुसट. मामा, लपवत नाही, तो फोटो मी उशीखाली ठेवत नाही. उशीवर ठेवतो आणि मी बाजूला झोपतो. माझं लग्न झालं तर हिच्याशीच व्हावं, असं वाटायला लागलंय. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

चाळीस किलोमीटर हा आकडा तुम्ही मनानं काढलेला नाही. मीच पत्रात लिहिला होता, आणि तो खरा आहे. गोदामाच्या फळ्यावर रोज सगळ्यांसमोर मांडला जातो. त्या आकड्यासाठी मी आजही कुठेही हात ठेवून शपथ घेईन. घोळ आकड्यात नाही.

दाखला कुठून आणायचा या विचारात असताना आमच्या शिडीवाल्यानं (हा उंच फळ्यांवरचा माल काढतो, त्याला वाचायची आवड आहे आणि मला ऐकायची) जेवणघराच्या भिंतीवरचा कागद वाचून दाखवला. समोरच्या मोठ्या दवाखान्यात प्रयोग होता. श्वासातला ऑक्सिजन कमीजास्त केला तर पोटरीतली शक्ती कशी भरून येते, हे बघायचं होतं. दोन प्रकारची माणसं हवी होती, धावती आणि बैठी. शेवटी तपासणीचा कागद मिळेल असं लिहिलेलं. मी म्हटलं, झालं आपलं काम. ज्याला लहानपणापासून सगळं घर भिंगरी म्हणतं, ज्याला पाटावर जेवण संपेपर्यंत बसवायला तुम्हाला गुडघा आडवा लावायला लागायचा, तो माणूस कुठल्या रांगेत उभा राहणार हे काय सांगायला हवं?

अर्जात विचारलं होतं, रोज किती चालता. मी लिहिलं, चाळीस किलोमीटर. खिडकीतल्या मुलीनं पेन खाली ठेवलं. आठवड्यातून किती दिवस? सहा. किती वर्षं? अडीच. ती उठून आत गेली आणि प्रयोगाच्या मुख्य बाईंना घेऊन आली, मला दाखवायला. बाईंनी चष्मा वर करून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. (वरपासून खालपर्यंत नाही, पायांपासूनच सुरुवात केली.) धावत्यांच्या यादीत माझं नाव पहिलं लागलं. खाली दोन शर्यतपटू होते, ते माझ्या खाली.

प्रयोग म्हणाल तर साधा. नळकांड्यासारखं एक दांडगं यंत्र, आत लोहचुंबक. किल्ल्या, पट्टा, घड्याळ (तुम्ही दिलेलं, सुखरूप आहे) सगळं काढून घेतलं, पाठीमागे नाड्या असलेला झगा घातला आणि आत सरकवलं. उजवं पाऊल एका पेडलला बांधलं. तोंडावर मास्क, मास्कची नळी पडद्यामागे, तिथे तीन नळकांडी. एकात आपली साधी हवा, एकात पातळ हवा, म्हणजे फार उंच डोंगरावर असते तशी, ऑक्सिजन निम्माच. आणि तिसऱ्यात निव्वळ ऑक्सिजन. कधी कुठली सोडणार ते सांगायचं नाही. पेडल दाबत राहायचं, थांबा म्हटलं की थांबायचं आणि मग अजिबात हलायचं नाही. यातलं दाबणं सोपं होतं. ते यंत्र पत्र्यावर हातोडे पडावेत तसं वाजतं, नाक त्याच वेळी खाजतं, आणि मी हललो नाही. मामा, सात वर्षं मास्तरांना जे जमलं नाही ते त्या बाईंनी सात मिनिटांत करून घेतलं.

आत काय चाललेलं असतं ते बाईंनी मला समजेल असं सांगितलं. मी माझ्या समजुतीनं तुम्हाला सांगतो. स्नायूत म्हणे शक्तीचा हाताशी ठेवलेला छोटा साठा असतो. पेडल दाबलं की तो उतरतो, थांबलं की परत भरतो. भरायचं काम आतल्या बारीक बारीक भट्ट्या करतात, आणि भट्ट्यांना लागतो ऑक्सिजन. साठा भरायला किती सेकंद लागतात ते यंत्र बाहेरून, पोटरी न उघडता बघतं. (तुम्हाला घड्याळं उघडून बघावी लागतात म्हणून मुद्दाम सांगितलं.) धावत्या माणसाला निव्वळ ऑक्सिजन दिला तर साठा भराभर भरतो, पातळ हवा दिली तर रेंगाळतो. त्यांच्या भट्ट्या भुकेल्या असतात, जेवढं वाढाल तेवढं खातात.

माझं तिन्ही वेळा सारखंच आलं. साध्या हवेत पडद्यावरची रेघ गोगलगायीसारखी वर चढली, पातळ हवेत तशीच चढली, निव्वळ ऑक्सिजनवरही तशीच. बाईंना वाटलं ऑक्सिजनचं नळकांडं रिकामं आहे. ते बदललं. मग वाटलं मास्क गळतोय. मास्क बदलला. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी यंत्रवाला आला आणि टॉर्च घेऊन यंत्राच्या मागे शिरला. मग त्यांचे थोरले साहेब आले, सोबत पाच डॉक्टर आणले. कलिंगड घेताना मारतात तशा टिचक्या माझ्या पोटरीवर सहा जणांनी मारल्या. रोज चाळीस किलोमीटर चालून पोटरी अशी राहिलेला माणूस आपण आयुष्यात बघितला नाही, असं थोरले साहेब म्हणाले. हे शास्त्रात नवीन आहे, असंही म्हणाले. मामा, मला वाटलं मी काहीतरी झालो. त्या दिवशी बसमधून जाताना मी उजवा पाय मधल्या जागेत लांब सोडून बसलो, कोणी चिरडू नये म्हणून.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी सहज, पट्टे सोडता सोडता विचारलं, "एवढं चालता, पाय दुखत नाहीत?"

मी म्हटलं, "पाय कशाला दुखतील? रबरी चाकं आहेत."

यंत्रामागचा टॉर्च विझला. बाई म्हणाल्या, "कुणाला?"

"गाडीला. बॅटरीवरची, मालाची. मी तिच्यावर बसलेला असतो."

"तुम्ही तर म्हणालात, चालता."

"चालतोच की. काल बेचाळीस चाललो. परवा बॅटरी बसली म्हणून एकतीसवर थांबलो."

आता मामा, यात माझं काय चुकलं सांगा. आमच्या गोदामात, इकडच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत जायचं तर जेवणाची सुट्टी संपेल एवढ्या जागेत, गाडी चालली असं कोणी म्हणत नाही. मी चाललो, तो चालला, तू आज कमी का चाललास, असंच बोलतात. फळ्यावर माणसाचं नाव आणि पुढे किलोमीटर. तुम्हीसुद्धा घड्याळ मागे पडलं की "मी पाच मिनिटं मागे आहे" म्हणता, तेव्हा तुम्हाला कोणी किल्ली देत नाही. पण बाईंना हे पटवायची ती वेळ नव्हती. त्या तिथल्या फिरत्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत, मामा, ते परवडलं असतं. त्या शांतपणे विचारत गेल्या. गाडीवर किती तास? नऊ. गोदामातून खोलीवर? बस, अगदी दारात. खोली? पाचवा मजला, लिफ्ट आहे. जेवायला? गाडीनंच. (गाडी संडासाच्या दारापर्यंतही जाते. ते मी सांगणार नव्हतो. यंत्रवाल्यानं मुद्दाम विचारलं.)

"मग पाय नेमके कशाला वापरता?" बाई म्हणाल्या.

"ब्रेक मारायला."

त्यांनी माझा अर्ज काढला, धावता या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, बैठा. मामा, हा शब्द माझ्याबद्दल. मी भांडलो. म्हटलं, बाई, मला एक मिनिट एका जागी बसवत नाही, माझा गुडघा झोपेतही हलतो, माझी तीन गावं आणि पाच नोकऱ्या बदलून झाल्यात. त्या म्हणाल्या, "तुमचं मन भिरभिरतंय हो. पोटरी मात्र अडीच वर्षं बसलेली आहे." यंत्रवाला हसला. मला त्याचं हसणं लागलं नाही, पण पोटरी बसलेली आहे हे फार लागलं. मातीची घरं बसतात, आवाज बसतो, तशी माझी पोटरी बसली, आणि मला खबर नाही.

मग त्यांनी खरं काय ते फोड करून सांगितलं, आणि खरा धक्का तो. मला आजवर वाटायचं, दोन जिने चढून दम लागतो म्हणजे हवा कमी पडते. खिडकी उघडली, मोठा श्वास घेतला, की झालं. पण नुसतं बसून राहणाऱ्या माणसाच्या पोटरीत अडचण हवेची नसते. आमच्या गोदामाच्या भाषेत सांगायचं तर दारात ट्रक रांगेनं उभे आहेत, माल भरपूर आहे, पण आत उतरवून घ्यायला माणसं दोनच, तीही पेंगणारी. अशा वेळी आणखी दहा ट्रक मागवले काय आणि आलेले निम्मे परत पाठवले काय, आत माल तेवढाच जाणार. निव्वळ ऑक्सिजन दिला, तो दारातच तिष्ठत राहिला. पातळ हवा दिली, तर माझ्या भट्ट्यांना कळलंच नाही की आज कमी आलंय, कारण तेवढंही त्यांना झेपत नव्हतं. मामा, जगातली सगळी हवा मला फुकट मिळाली तरी माझी पोटरी ती घ्यायला दार उघडणार नाही. हे ऐकून मी त्या झग्यातच किती वेळ बसून होतो. (होय, बसून.)

दाखला मात्र मिळाला. सही आहे, शिक्का आहे. "फुप्फुसे व हृदय निरोगी. बैठा. प्रयोगासाठी अत्यंत उपयुक्त." आता हा कागद मी मुलीच्या वडिलांना पाठवू?

बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, भट्ट्या मरत नाहीत, वाढवता येतात. रोज चाला, आधी थोडं, मग जास्त, आणि तीन महिन्यांनी परत या. मग बघू ऑक्सिजन वाढवल्यावर तुमच्या पोटरीला काही फरक पडतो का. आता त्यांनाच त्याची उत्सुकता लागलीय. पण माझी रजा पाच आठवड्यांवर आहे, तीन महिन्यांवर नाही.

तरी त्याच दिवशी बस सोडली आणि गोदामापासून खोलीपर्यंत पायांनी निघालो. पायांनी चालणं म्हणजे काय ते मी सांगू शकतो. तुम्ही सगळ्यांनी ते इतकी वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंत. पहिल्या वळणापर्यंत छान वाटलं. दुसऱ्या वळणावर पोटऱ्यांत कुणी गरम सळया फिरवायला लागलं. कपडे धुण्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाई डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन माझ्या पुढे गेल्या. त्या गाठोडं पोचवून परत आल्या तेव्हा मी त्याच वळणावर दिव्याच्या खांबाला धरून होतो. "कुणाची वाट बघतोस रे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "पायांची." त्या हसल्या नाहीत. त्यांनी दुकानातून स्टूल आणून दिलं, आणि मला बघून वाईट वाटल्यासारख्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी इमारतीचा जिना धरला. पाच मजल्यांच्या मिळून नव्वद पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी पायपुसण्यावर बसलो, तर त्यांनी दार उघडलं. कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नको, वरच राहतो. त्यांनी पाणी दिलं आणि दार लावून आतून कडी घातली. आता सहाशे बारातून नव्वद वजा करून बघा. मी केलं, आणि फोटो उलटा ठेवला.

तर असा सगळा प्रकार. तीन आठवड्यांत प्रगती एवढीच, की खांब मागे पडला, आता मी त्याच्या पुढच्या बाकापर्यंत जातो. बाकी ठीक. मामींना नमस्कार, आईला जपा, आणि मामा, तासातासानं दुकानातून उठून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारत जा. गिऱ्हाईक थांबेल. पोटरी थांबत नाही, हे मी स्वतः सहीशिक्क्यानिशी सांगतो.

तुमचा,
फळ्यावर चालणारा,
भिंगरी

ता. क. एवढं लांबण लावायचं कारण हेच, की मला एक मागायचं होतं आणि धीर होत नव्हता. टेकडी रद्द करा. टाकीला रंग देतायत म्हणा, पायऱ्या खचल्या म्हणा, बिबट्या दिसला म्हणा. बागेत, बाकावर, सपाटीवर कुठेही भेट ठरवा. फक्त मी आजारी आहे म्हणू नका, वडील लगेच नाही म्हणतील.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं समजा. पाकीट बंद करून दोन दिवस टेबलावर होतं आणि तो बिबट्या माझ्या डोक्यातून जाईना. जिच्याबरोबर जन्म काढायचा तिला पहिल्याच दिवशी बिबट्या कसा सांगू? मामा, तुम्हीच जा आणि खरं सांगा, की चालतो म्हणजे गाडी चालते. ते वाक्य तुमच्या तोंडून गेलं, तुमच्याच तोंडून परत येऊ दे. मोडलं तर मोडलं.

ता. क. तिसरा. जाऊ नका. काल संध्याकाळी मीच तिला फोन केला. (नंबर तुमच्याच पत्रात होता, अगदीच गरज पडली तर म्हणून.) एका दमात सगळं सांगून टाकलं, एका कसलं, चार दमांत. मग तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही दिवसभर बसून असता?" मी म्हटलं, नऊ तास. "गाडीवर?" हो. तिनं एवढा मोठा श्वास सोडला, की बाईंनी तो मोजायला हवा होता. म्हणाली, "मी खुर्चीवर."

मामा, ती धावण्याचा वर्ग चालवते हे शंभर टक्के खरं आहे. वेळा लिहिते, शिट्टी वाजवते, उशिरा येणाऱ्यांना घरी पाठवते. धावतात ते बाकीचे. वडील म्हणाले धावण्याचा वर्ग चालवते, तुम्ही तसंच लिहिलंत, मी तसंच वाचलं, आणि कुणीही खोटं बोललं नाही. चाळीस किलोमीटरवाला येणार म्हटल्यापासून तिला झोप नाही. वडिलांना चोरून टेकडीवर सराव करतेय. एकशे दहाव्या पायरीच्या वर अजून गेलेली नाही. मी तिला बाईंच्या भट्ट्यांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपल्याला हवा कमी पडत नाही हे ऐकून बरं वाटलं, तिला वाटत होतं तिच्या छातीतच काही खोट आहे. मी म्हटलं, तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. दाखवलंय म्हणाली, त्यांनीही चालायलाच सांगितलंय.

तेव्हा टेकडी आहे तशीच राहू द्या. तिनं बजावून सांगितलंय. फक्त तिच्या वडिलांना एवढा निरोप द्या, की आम्ही सकाळी सहाला पायऱ्यांशी जाऊ आणि अंधार पडायच्या आत घरी येऊ, मधे कुणी मागून यायचं नाही आणि खालून हाकाही मारायच्या नाहीत. दर वीस पायऱ्यांवर थांबायचं म्हटलं तर तीस वेळा बसावं लागेल, आणि तीस वेळा बसून बोलण्याइतकं आपल्याकडे नक्की आहे, असं तिचं मत पडलं.